पेशंटचा भाडेकरू

६ फेब्रुवारी

निसर्गोपचार घराच्या बाई,

नमस्कार. आपली ओळख नाही. तुमचं माहितीपत्रक हाती आलं, त्यात एक नियम वाचला: पेशंटने स्वतः लिहिलेलं पत्र तुम्ही विचारात घेत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्याला आठवडाभर पाहायचं आणि मग लिहायचं, कारण झोप आणि जेवण या दोन बाबतींत पेशंट हमखास थापा मारतो. नियम मला पटला. म्हणून त्याच्या वतीने मी लिहितो आहे. मी त्याचा भाडेकरू, वरच्या खोलीत राहतो.

पेशंटचं वय चौसष्ट. निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षं एकाच दवाखान्यात बाटल्या भरल्या आणि पुड्या बांधल्या. लग्न केलं नाही; केलं असतं तरी टिकलं नसतं. मी त्याला 'तो' म्हणतो आहे, कारण अहोजाहो करावं असं त्याच्यात फारसं काही नाही.

तक्रारी अशा. झोप तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. मान डावीकडे वळत नाही, त्यामुळे कोणी डावीकडून हाक मारली तर तो कपाट सरकवावं तसा अख्खा वळतो. जेवतो उभ्याने, भांड्यातूनच, गॅसपाशी. मग छातीत जळजळ झाली की जगाला दोष देतो. स्वभाव तिरसट. एकदा तोंडातून शब्द गेला की तो चुकीचा होता हे कळूनही परत घेत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. दारावर कोणी आलं तर आधी 'काय पाहिजे?' विचारतो, मग दार उघडतो.

रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी सात वाजता डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतो. ती तुम्ही बंद करायला सांगणार असाल तर आधीच कळवा, म्हणजे दोघांचीही पोस्टाची तिकिटं वाचतील.

तुमच्या उपचारांवर त्याचा काडीइतका विश्वास नाही. पण माझ्या मानेला (खोडलं आहे, वाचू नये) त्याच्या मानेला आता उतार पडायला हवा.

आपला,
एक भाडेकरू


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टेबलाच्या खणात ठेवणार आहे. पण आज तुझं उत्तर आल्यापासून कोणाशी तरी खरं बोलल्याशिवाय घास उतरेना, आणि घरात भिंतींशिवाय कोणी नाही. वरची खोली गेली कित्येक वर्षं रिकामी आहे. तिथे जुन्या बाटल्या आहेत आणि एक मोडका पंखा आहे. भाडेकरू वगैरे कोणी नाही. मीच आहे.

आपले डॉक्टर, ज्यांच्या हाताखाली मी चाळीस वर्षं काढली, त्यांनी मला गेल्या महिन्यात तपासलं. सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, "कंपाउंडर, तुमच्या झोपेसाठी आणि मानेसाठी माझ्या कपाटात आता बाटली उरली नाही. तुमच्या बहिणीकडे जा." मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. ते म्हणाले, "मग लिहा." सोपं असल्यासारखे म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी तुझं घर सुरू झालं त्या दिवशी तू मला दोन शब्द बोलायला उभं केलंस. चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. तू हातात सरबताचे पेले घेऊन उभी होतीस. आणि मी म्हणालो, "इथे आलात तर आधी तुमच्या गोळ्या बंद होतील आणि पाठोपाठ तुम्ही." लोक हसले. मला वाटलं, मी मोठा सत्यवादी. पेला तसाच ठेवून मी उठून गेलो.

आज तुझ्या पत्रातलं पहिलंच वाक्य, तेही दोनदा अधोरेखित: 'रक्तदाबाची गोळी चालूच राहील. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला कोणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.' खाली छापलेलं होतं की हा नियम घर सुरू झाल्या दिवसापासूनचा आहे. मी ते चार वेळा वाचलं. म्हणजे तू पेले घेऊन उभी होतीस तेव्हाही हा नियम होताच. मी विचारलंच नव्हतं.

आता तुझ्यापुढे उभं राहायला मला तोंड नाही. भाडेकरूला आहे. म्हणून सध्या तोच लिहील.


२३ फेब्रुवारी

बाई,

सूचना मिळाल्या. संध्याकाळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं पाय, डोक्यावर गार फडकं. सकाळी पोटावर मातीची पट्टी, वीस मिनिटं. गवतावर अनवाणी चालणं, अर्धा तास. जेवण बसून, ताटात वाढून घेऊन. सगळं सुरू केलं आहे.

तुमची शेवटची ओळ मात्र आम्हाला महागात पडली: 'सोबत्यानेही हे सर्व उपचार पेशंटइतकेच करावेत, नाहीतर पेशंट टिकत नाही.' त्याप्रमाणे दोघंही करतो. आधी पेशंट पंधरा मिनिटं पाय बुडवून बसतो. मग पाणी बदलून भाडेकरू पंधरा मिनिटं बसतो. सकाळी पेशंटची पट्टी काढली की भाडेकरूची लागते. बागेत अर्ध्या तासाच्या फेऱ्या दोनदा होतात. बागेचा माळी परवा म्हणाला, "काय हरवलंय का साहेब? सकाळपासून शोधताय." अहवालात जे लिहीन ते झालेलंच असलं पाहिजे, अशी मला सवय आहे. नाव एक वेळ कसंही असो, डोस खोटा लिहिणार नाही.

माती तुम्ही सांगितल्याप्रमाणे हातभर खोल खणून घेतली, उन्हात वाळवली, पेशंटच्या जुन्या चाळणीतून तीनदा चाळली. चारशे ग्रॅमची एक पट्टी, वजन करून. बरणीवर पेशंटने स्वतः लेबल लावलं आहे: 'माती. बाह्य उपयोगासाठी. पोटात घेऊ नये. वापरण्यापूर्वी हलवा.' शेवटची ओळ सवयीने लिहिली गेली.

या आठवड्यात पेशंटला सर्दी झाली. भाडेकरूलाही झाली. एकाच वेळी.

झोप साडेतीन तास. मान जैसे थे. पण जेवण बसून झाल्यामुळे जळजळ बरीच कमी आहे, हे मान्य करावं लागेल. पेशंट ते मान्य करत नाही.

एक भाडेकरू


४ मार्च

बाई,

सर्दीवरचा तुमचा खुलासा वाचला. पोटावरची पट्टी एका माणसाला दिवसात एकदाच आणि थंडी वाजत असेल तर तीही नको, हे आम्हा दोघांना कळलं. सर्दी आता गेली, म्हणून पट्टी पुन्हा चालू आहे. आता एक दिवस पेशंट घेतो, एक दिवस भाडेकरू.

नवीन सूचना दोन. पहिली: सोबत्याने पेशंटच्या मानेला आणि पाठीला कोमट तेल चोळायचं. यात अडचण अशी आली की भाडेकरूचा हात तिथे पोचेना. का पोचेना ते विचारू नका. आम्ही पळीला फडकं बांधून पाहिलं. तेल भिंतीला लागलं, पाठीला नाही.

शेवटी नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. अकरा वर्षं त्याच्याकडे केस कापतो, पण 'बारीक' याशिवाय दुसरा शब्द बोललो नव्हतो. त्याने खुर्ची उलटी फिरवली, मला छाती टेकवून बसवलं आणि मानेवर असा अंगठा फिरवला की माझ्या तोंडून आपोआप 'आई गं' निघालं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. बाई, मीही हसलो. आता तो रोज दुपारी दुकान रिकामं असताना वीस मिनिटं चोळतो आणि चोळता चोळता अख्ख्या गल्लीची खबर देतो. मान डावीकडे अर्धी वळते आहे. काल डावीकडून मांजर आलं आणि ते मला येताना दिसलं.

(वरच्या परिच्छेदात जिथे 'मी' आहे तिथे 'पेशंट' वाचावं.)

दुसरी सूचना अवघड आहे: 'सोबत्याने रोज पेशंटचा एक चांगला गुण लिहून काढावा.' तीन दिवस कोरी वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी लिहिलं, 'वेळेवर उठतो.' मग खोडलं, कारण जो झोपतच नाही त्याच्या उठण्याचं कौतुक कसलं. दुसऱ्या दिवशी 'अक्षर चांगलं'. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे काकणच सापडेना.

चौथ्या दिवशी न्हाव्याला विचारलं. तो चोळायचा थांबला. म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्या आईच्या बाटलीवर सूर्य काढायचात. तिला वाचता येत नव्हतं. सकाळच्या बाटलीवर सूर्य, रात्रीच्या बाटलीवर चांदोबा. आणि चांदोबाला झोपेची टोपी. ती औषध घेताना हसायची. तुम्हाला आठवत नाही?"

पेशंटला आठवत नव्हतं. घरी येऊन बराच वेळ पाय पाण्यात घालून बसला. पाणी गार झाल्याचं त्याला कळलं नाही. त्या रात्री पाच तास झोप लागली.

एक भाडेकरू


११ मार्च

भिंगरे,

हे पत्र मी टाकणार आहे. टेबलाच्या खणात ठेवलेलंही सोबत टाकतो आहे, तारीख बघून आधी ते वाच.

तुझं निमंत्रण आलं. तेवीस तारखेपासून दहा दिवस, पेशंट आणि भाडेकरू दोघांनी तुझ्याकडे राहायला यायचं, शेजारी शेजारी दोन खाटा राखून ठेवल्या आहेत, 'आणि भाडेकरूंना भेटायची मला फार उत्सुकता आहे.' वाचून मला दरदरून घाम फुटला. सूर्यस्नानाची गरज उरली नाही.

भाडेकरूची एकाएकी बदली करून टाकावी असं आधी मनात आलं. मग त्याला आजारी पाडावं असं वाटलं, पण तुझ्या उपचारांनी तो चांगला ठणठणीत झालेला, आजारी कसा पाडणार? न्हाव्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय, मी येतो भाडेकरू होऊन! दहा दिवस दुकान बंद. मला कोणी मातीत लोळवलं तर हवंच आहे." इतका खूश झाला की मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आम्ही भाडेकरूचं गाव, नोकरी, खोलीला खिडक्या किती, सगळं ठरवलंसुद्धा. मग घरी येऊन बॅग भरायला घेतली आणि मला दिसलं, तू दारात उभी आहेस आणि मी तुझ्यासमोर पुन्हा एकदा खोटं बोलतो आहे. या वेळी चाळीस माणसांपुढे नाही, एकटीपुढे. ते मला जमणार नाही.

तेव्हा ऐक. भाडेकरू नाही. पेशंट मी, लिहिणारा मी, पाय दोनदा बुडवणाराही मीच. आणि त्या दिवशी खुर्च्यांसमोर उभा राहून जे बोललो ते चूक होतं. नुसतं लागेलसं होतं म्हणून नव्हे, ते खोटं होतं. मी तुझी पत्रकं वाचली नव्हती, तुला विचारलं नव्हतं, चाळीस वर्षांच्या बाटल्यांच्या गुर्मीत बोललो. तुझ्याकडे पहिल्या वर्षी किती माणसं आली असतील याचा विचार आता रोज येतो. मला तुझी माफी हवी आहे. तुझी आठवण तर अकरा वर्षं येते आहे, तिच्यावर डॉक्टरांच्या कपाटात काही नव्हतं.

नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. पेशंटने स्वतःच पत्र लिहिलं आहे. तू ते बाजूला ठेवलंस तर तुझं बरोबर असेल. दोन्ही खाटा दुसऱ्या कोणाला दे.

दादा


१६ मार्च

दादा,

खाटा कोणाला देत नाही, गप्प बस.

मला कधी कळलं ते आधी सांगते, म्हणजे तुझी चुटपुट जाईल. पहिल्याच पत्रात. अक्षरावरून नव्हे, अक्षर तू छान वाकडं काढलं होतंस. घरमालकाची इतकी निंदा करणारा, तरीही खोली न सोडणारा आणि भाड्याबद्दल एका अक्षराने न कुरकुरणारा भाडेकरू या पृथ्वीवर आहे का? आणि दुसरं. कितीही वैतागलेला माणूस दुसऱ्याबद्दल लिहिताना एखादा तरी बरा शब्द लिहितो. तू दोन पानांत एक लिहिला नाहीस. इतकं निर्दयपणे माणूस फक्त स्वतःबद्दल लिहू शकतो. मी म्हटलं, हा आमचा दादाच.

मला तुझा राग होता. खूप होता. पहिल्या वर्षी माझ्याकडे तिघंच आले, त्यातलाही एक पत्ता चुकून. त्या तिघांच्याही गोळ्या मी रोज स्वतः उठून वेळेवर दिल्या, तुझ्यावर सूड म्हणून. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर, तू 'माझ्या मानेला' खोडलंस ना, तिथे माझा राग संपला. मी वाट बघत होते तुझी, दादा. निमित्त मानेचं झालं, बरंच झालं.

सोबत्यानेही उपचार करायची ओळ मी तुला छळायला लिहिली होती. तू खरोखर दोनदा करशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सर्दीचं वाचलं आणि मी इतकी हसले की स्वयंपाकघरातली माणसं धावत आली. त्यांना वाटलं मला ठसका लागला.

माफी दिली. आता तिच्यावर पुन्हा बोलायचं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते जी इथे कोणालाही माहीत नाही. पेशंटने स्वतःबद्दल लिहायचं नाही हा नियम सुरुवातीपासूनचा नाही. दुसऱ्या वर्षी केला. पहिलं वर्षभर मी वहीत स्वतःचे अहवाल लिहायचे. झोप उत्तम. भूक उत्तम. मन प्रसन्न. धादांत खोटं! मी जागीच असायचे आणि उभ्याने जेवायचे, आपल्या घराण्याची रीतच ती. पुढे एकदा ती वही चाळली आणि माझ्याच थापा वाचून मला लाज वाटली. म्हणून नियम केला. पण माझा अहवाल लिहायला घरात कोणी नव्हतं. अजून नाही. दिवसभर पन्नास माणसांचे पाय पाण्यात घालते, माझे कोरडेच.

तेव्हा तेवीसला ये. दोन्ही खाटा तशाच आहेत. एक तुझी, एक माझी. मी दहा दिवस सुट्टी घेतली आहे, काम मदतनीस बघतील. पेशंट मी. सोबती तू. पाहायचं आणि खरं लिहायचं.

न्हाव्यालाही आण. माझ्याकडच्या कोणाचा अंगठा तसा पडत नाही, त्याने चार जणांना शिकवलं तर बरं.

भिंगरी


२६ मार्च

निसर्गोपचार घराच्या बाई,

अहवाल पहिला. पेशंट: आपणच. लिहिणारा: भाऊ, शेजारच्या खाटेवर राहतो.

जेवण. पेशंट पहिल्या दिवशी उभ्याने जेवायला लागली. खुर्ची सरकवून बसवलं. तिने तीन मिनिटांत ताट संपवलं आणि उठू लागली. मी म्हटलं, मी घड्याळ लावलंय. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं. आज सतरा, त्यातली दहा बोलण्यात.

गुडघा उजवा दुखतो, पण कोणी बघत नसेल तेव्हाच लंगडते. मी बघतो. कोमट तेल दोन वेळा चालू आहे. न्हावी चोळतो आणि तिला माझ्याबद्दल काहीबाही सांगतो. त्यातलं निम्मं खरं आहे. चार मदतनिसांची शिकवणी त्याने सुरू केली आहे, आणि पहिल्याच दिवशी चौघांच्याही माना मोकळ्या करून दिल्या.

गवतावर चालणं चालू. लहानपणी चालायची तशीच गिरक्या घेत चालते. वय सत्तावन्न. मागून दोन म्हाताऱ्या पेशंटबाई 'बाईंना काय झालं' म्हणून बघत होत्या. मी सांगितलं, बरं वाटतंय, दुसरं काही नाही.

झोप: सहा तास. घोरते.

हे शेवटचं वाक्य पेशंटने आज संध्याकाळी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तिथेच ठिणगी पडली. म्हणाली, "मी घोरत नाही. खोड ते."

मी म्हटलं, "खोडणार नाही. चाळीस वर्षांत खोटं लेबल लावलं नाही."

"स्वतःच्याच घराचा भाडेकरू झाला होतास, आणि मला लेबलं सांगतोस?"

"ती गोष्ट वेगळी. डोस खरा होता."

"दादा, मी आजवर कधीही घोरलेली नाही. विचार कोणालाही."

"कोणाला विचारू? अकरा वर्षं ऐकायला होतं कोण?"

हे माझ्या तोंडातून गेलं. वाटलं, संपलं. पुन्हा तेच केलं मी, पुन्हा एक वाक्य जास्त बोललो. तिचा चेहरा लाल झाला. मग ती म्हणाली, "तू होतास का? तू असतास तर ऐकलं असतंस!" आणि तिने मला असं काही झाडलं, असं झाडलं, की अकरा वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. मीही गप्प बसलो नाही. लहानपणी कोणी कोणाची पाटी फोडली इथपर्यंत गेलो. न्हावी दारातून डोकावला आणि पाऊल न वाजवता परत गेला.

ती रागावली होती, मीही होतो, आणि उठून तरातरा निघून जावं असं दोघांच्याही मनात आलं असणार. आपल्या घराण्यात तेच करतात. पण आमचे चारही पाय एकाच टबात होते, गुडघ्यांवर एकच टॉवेल होता आणि पंधरा मिनिटांतली अजून सहा बाकी होती. तेव्हा कोणीच उठलं नाही, भांडण तिथेच बसून पुरं केलं, आणि मधे पाणी गार झालं म्हणून तिनेच ओरडत ओरडत किटलीतलं गरम पाणी माझ्या बाजूने ओतलं.